लंबकाचं उत्तर दर वेळी ९.४ च का येतं?

तक्रार ओळखीची आहे. लंबक टांगला, दोरा मोजला, वीस आंदोलनांचा वेळ घेतला, सूत्रात घातला, आणि गुरुत्व त्वरण आलं ९.४. पुन्हा केलं, ९.५. शेजारच्या गटाचं ९.३. तास संपत आलेला असतो, मग मुलं वहीत पुस्तकातलं ९.८ लिहितात आणि वेळेचा आकडा उलट्या गणिताने काढून रकान्यात भरतात. खोडरबराच्या खुणा बघितल्या की कळतंच.

माझ्या वर्गात हे सलग तीन वर्षं झालं. पहिल्या वर्षी मी ‘हवेचा विरोध’ म्हणून वेळ मारून नेली. ते साफ चूक होतं. हवेमुळे झोके हळूहळू लहान होतात हे खरं, पण लोखंडी गोळ्याच्या दोलनकालावर (एकदा जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवर) तिचा परिणाम इतका किरकोळ असतो की उत्तरात फरक पडलाच तर तिसऱ्या दशांश स्थळी पडेल. दुसऱ्या वर्षी पाचाऐवजी दहा वाचनं घ्यायला लावली. सरासरी ९.४६ आली. म्हणजे उत्तर तितकंच चुकीचं, फक्त आता जास्त ठाम. तिसऱ्या वर्षी सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एका ओळीत लिहिले तेव्हा डोक्यात उजेड पडला. चूक हात थरथरण्याची असती तर निम्मे गट ९.८ च्या वर गेले असते. एकही गेला नव्हता. सगळेच एका बाजूला चुकत असतील तर सरासरी त्या चुकीला नुसतं पॉलिश करते.

हे मोठमोठ्यांनाही भोवलंय. जर्मनीतल्या पॉट्सडॅममध्ये कुनेन आणि फुर्टव्हेंग्लर या संशोधकांनी अत्यंत काळजीपूर्वक, उलटसुलट टांगता येणाऱ्या लंबकांनी मोजलेलं मूल्य १९०६ साली प्रसिद्ध झालं: ९८१.२७४ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे मीटरमध्ये ९.८१२७४. जगभरातली गुरुत्वमापनं त्या एका आकड्याला बांधली गेली. पुढे पडणाऱ्या वस्तूंवरून स्वतंत्रपणे मोजल्यावर तो ०.०१४ ने जास्त निघाला, आणि १९७१ साली नवी आंतरराष्ट्रीय गुरुत्वमापन व्यवस्था आली तेव्हा कुठे तो बदलला. तीच मोजणी पुन्हा पुन्हा करून ती चूक सापडली नसती. वेगळ्या पद्धतीने मोजलं तेव्हा तिचा नेमका आकडा पक्का झाला.

म्हणून ‘जास्त वाचनं घ्या’ हा सल्ला मी आता सगळ्यात शेवटी देतो. (पुढे गुरुत्व त्वरणाला नुसतं ‘जी’ म्हणतो, सोयीसाठी.)

आधी चुकीचं उत्तर नीट वाचा

चुकीच्या उत्तराचा चेहरा असतो. बरेचदा आकडा बघूनच चूक कुठे झाली ते सांगता येतं, आणि मुलांना हा खेळ फार आवडतो.

उत्तर १०.८६ च्या जवळ आलं? वीस म्हणून एकोणीसच आंदोलनं मोजली. सूत्रात (जी म्हणजे चार गुणिले पायचा, म्हणजे ३.१४ चा, वर्ग गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग) दोलनकालाचा वर्ग येतो, त्यामुळे ९.८ ला वीस भागिले एकोणीसच्या वर्गाने गुणा, बरोबर तोच आकडा. दहाच आंदोलनं घेतली असतील तर हीच चूक १२.१ देते. ८.९ आलं तर उलटं, वीस म्हणताना एकवीस झाली. ३९ च्या आसपास काही आलं तर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणंच पूर्ण आंदोलन धरलंय. उतरत्या फळीवरून भरीव गोळी सोडून प्रयोग केला आणि उत्तर ७.० आलं, तर मोजमाप उत्तम आहे, सूत्र अर्धवट आहे: गोळी घरंगळते, म्हणून तिचं त्वरण उताराच्या हिशेबाच्या पाच सप्तमांशच असतं. गोळी खाचेतून, दोन कडांवर टेकून जात असेल तर त्याहूनही कमी.

आणि एक फसवं उत्तर: ९.८७. एक मीटर लांबी, ‘दोन सेकंद’ दोलनकाल, उत्तर ९.८७, शाबासकी. प्रत्यक्षात इथे काहीच मोजलेलं नाही. दोलनकाल पुरता दोन धरला की सूत्रातून उरतो तो नुसता पायचा वर्ग, आणि तो योगायोगाने जीच्या जवळ आहे. एक मीटरच्या लंबकाचा खरा दोलनकाल २.००७ सेकंद असतो. ते शेवटचे सात हजारांश सेकंद मोजले तर प्रयोग झाला म्हणायचा.

‘सर, एक तर झालंच ना!’

ही चूक इतकी चिवट आहे की ती जवळून बघण्यासारखी आहे. मी एका जोडीच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मुलाच्या हातात स्टॉपवॉच, मुलीच्या चिमटीत गोळा. ‘रेडी? सोड!’ तिने गोळा सोडला आणि त्याच क्षणी मोठ्याने म्हणाली, ‘एक!’ गोळा जेमतेम दोन बोटं हलला होता. पुढची मोजणी अगदी शिस्तीत झाली. वीसला बटण दाबलं, ३८.१ सेकंद.

‘अगं, सोडतानाच एक का म्हणालीस?’

‘सर, सोडलं ना. मग एक तर झालंच ना!’

तिचं चुकलं असं म्हणणं जड जातं, कारण वस्तू मोजताना आपण असंच मोजतो. पण इथे खांब मोजायचे नाहीत, खांबांमधली अंतरं मोजायची आहेत. वीस खांबांत एकोणीस अंतरं. हे फळ्यावर काढून दाखवलं तरी पुढच्या तासाला तोंडातून ‘एक’च निघतं. त्यामुळे समजावणं सोडून मी पद्धतच बदलली.

गोळा सोडल्यावर लगेच मोजायचं नाही. चार-पाच झोके जाऊ द्यायचे, तोवर डगमग थांबते. मग उलटी मोजणी: ‘तीन, दोन, एक, शून्य’, आणि शून्याला बटण. शून्य हा शब्द तोंडात आला की पुढचा ‘एक’ आपोआप योग्य जागी पडतो. बटण गोळा टोकाला असताना दाबायचं नाही, मध्यावरून जाताना दाबायचं. टोकाला गोळा रेंगाळतो, नक्की कधी थांबला ते डोळ्याला ठरवता येत नाही. मध्यावर तो सगळ्यात वेगात असतो. दोऱ्याच्या मागे कागदावर एक उभी रेघ काढून चिकटवा, आणि दोरा रेघेवरून एकाच दिशेने जाईल तेव्हाच मोजा.

मोजणी तपासायची एक युक्ती आहे, ती मला फार उशिरा सुचली. स्टॉपवॉचचं लॅप बटण (घड्याळ न थांबवता मधली वेळ टिपणारं) वापरायचं. दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या आंदोलनाला लॅप घ्यायचा. एक मीटरच्या लंबकाला तीनही तुकडे वीस सेकंदांचे यायला हवेत. सुरुवात ‘एक’ने झाली असेल तर पहिला तुकडा अठराचा आणि पुढचे दोन विसाचे येतात. चूक मुलांना स्वतःच्याच आकड्यांत दिसते, मला बोलावं लागत नाही.

आंदोलनं किती घ्यायची? बटण दाबण्यात दशांश सेकंदाची गडबड धरा. एकाच आंदोलनात ती पाच टक्के होते आणि वर्गामुळे जी मध्ये दहा टक्के. वीस आंदोलनांत वेळेतली चूक पाव टक्का आणि जी मधली अर्धा. पन्नास घेतली तर आणखी कमी, पण पन्नासपर्यंत मोजताना मुलं बोलायला लागतात आणि आकडा हुकतो. मी वीस किंवा तीसवर थांबतो.

९.४ चं मूळ: लांबी

आता मुख्य दुखणं. लांबी म्हणजे दोरा जिथून झुलतो त्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. मुलं मोजतात दोऱ्याची लांबी, तीही बरेचदा टेबलावर आडवी ठेवून, गोळा बांधायच्या आधी. गोळ्याची त्रिज्या गेली, हूक गेला, गाठीत गेलेला दोरा राहिला, आणि वजनाने दोरा ताणला गेला तेही राहिलं. त्यात मीटरपट्टीचं शून्याचं टोक झिजलेलं असेल तर विचारायलाच नको. (पट्टी दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून लावायची, मग दहा वजा करायचे. सोपं आहे, पण ते दहा वजा करायला कोणीतरी विसरतंच.)

समजा मोजलेली लांबी खऱ्यापेक्षा फक्त दोन सेंटिमीटरने कमी आहे, बाकी सगळं निर्दोष. हिशेब करून बघू. मोजलेली लांबी ४० सेंटिमीटर असेल तर जी येईल ९.३३. साठला ९.४८. ऐंशीला ९.५६. शंभरला ९.६१. म्हणजे चारही उत्तरं कमी, पण सारखी कमी नाहीत. लांबी वाढत जाते तसं उत्तर खऱ्याकडे सरकतं, कारण चाळीसमध्ये दोन सेंटिमीटर पाच टक्के आहेत आणि शंभरमध्ये दोनच टक्के. यांची सरासरी काढली की येते साधारण ९.५, आणि हाताशी असलेली सगळी माहिती त्या एका आकड्यात पुसली जाते. आमच्या वर्गात तीन वर्षं नेमकं हेच चाललं होतं. मुलं पाच लांब्यांना पाच वेळा जी काढत होती आणि शेवटी सरासरी घेत होती, कारण तक्त्यात शेवटचा रकाना तसाच छापलेला होता.

वेगळं केलं ते एवढंच: सरासरीचा रकाना काढून टाकला आणि आलेख काढला. आडव्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग, उभ्या अक्षावर मोजलेली लांबी, मीटरमध्ये. वरच्याच उदाहरणात वर्ग येतात १.६९, २.५०, ३.३० आणि ४.११. बिंदू सरळ रेषेत बसतात. रेषेचा चढ काढला तर ०.६ मीटर भागिले २.४२, म्हणजे ०.२४८. त्याला चार गुणिले पायचा वर्ग, म्हणजे ३९.४८ ने गुणलं की ९.८. लांबी चुकलेली असूनही! कारण प्रत्येक लांबीत तीच दोन सेंटिमीटरची तूट आहे, त्यामुळे रेष अख्खी खाली सरकते, तिचा उतार बदलत नाही. आणि रेष मागे वाढवली की ती उभ्या अक्षाला शून्यावर छेदत नाही, उणे ०.०२ वर छेदते. राहिलेले दोन सेंटिमीटर तिथे लिहून ठेवलेले सापडतात.

इथे एक घोळ हमखास होतो. ‘सूत्राप्रमाणे रेष शून्यातून जायला हवी’ म्हणून मुलं पट्टी शून्यावर टेकवून रेष ओढतात, संगणकावर काढत असतील तर तसा पर्याय निवडतात. असं केलं की लांबीची चूक पुन्हा चढात शिरते आणि आपण होतो तिथेच येतो. रेषेला मोकळं सोडा.

हे पटवण्यासाठी मी आता गोळा देतच नाही. कुलूप देतो. कुलपाचा मध्य कुठे ते कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे मोजायचा प्रश्नच येत नाही. दोरा कुलपाच्या कडीपर्यंत मोजा, आलेख काढा, चढातून जी घ्या, आणि उभ्या अक्षावरच्या छेदबिंदूवरून सांगा की कुलपाचा गुरुत्वमध्य कडीच्या किती खाली आहे. मग कुलूप आडवं करून, बोटावर तोलून पडताळून बघा. एका उत्तराच्या जागी दोन मिळतात, आणि दुसरं उत्तर कुठल्याही पुस्तकात छापलेलं नसल्यामुळे ते ‘जुळवून’ आणता येत नाही.

तरीही लहान लंबकाचं उत्तर कमी येतंय?

लांबी दुरुस्त केली आणि तरी आखूड लंबकांना जी कमी येतंय, तर झोका बघा. सूत्र लहान कोनाला चालतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण लहान म्हणजे किती? दहा अंशांवर सोडला तर जी ०.४ टक्क्यांनी कमी दिसतं. वीस अंशांवर दीड टक्का, उत्तर ९.६५. तीस अंशांवर ९.४७. पंचेचाळीसवर ९.०६.

गंमत अशी की मुलं कोन ठरवून सोडत नाहीत, अंतर ठरवून सोडतात. प्रत्येक वेळी गोळा साधारण एक वीत मागे ओढला जातो. पंधरा सेंटिमीटर ओढला तर मीटरभर लंबकाला तो नऊ अंशही नाही, पण चाळीस सेंटिमीटरच्या लंबकाला बावीस अंश होतात. त्यामुळे आखूड लंबकांचं उत्तर जास्त कमी येतं, म्हणजे वरवर बघता लांबीच्या चुकीसारखंच दिसतं, आणि आलेखाच्या चढातही घुसतं. दोन्ही वेगळं करायचं तर लांबी तशीच ठेवून झोका निम्मा करा. उत्तर हललं तर दोष झोक्याचा. नियम सोपा ठेवलाय: लांबीच्या एक दशांशापेक्षा जास्त ओढायचं नाही. साठ सेंटिमीटरला सहा. त्यात जी फक्त ०.१ टक्क्याने कमी येतं.

गोळा सोडताना बाजूला ढकलला गेला तर तो लंबगोल फिरू लागतो. तशी फेरी सरळ रद्द करा, वाट बघत बसू नका.

थेंबासारखं सरळ खाली टाकलं तर?

‘लंबकाची कटकटच नको, वस्तू खाली टाकू आणि वेळ घेऊ’ असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं. दोन मीटरवरून पडायला ०.६४ सेकंद लागतात. हातातल्या स्टॉपवॉचने सुरुवातीला ०.२ सेकंद उशीर झाला आणि जमिनीवर आपटण्याचा अंदाज मात्र आधीच बांधला गेला, तर उत्तर २० च्या वर जातं. हा प्रयोग हाताने करायचाच नाही.

मोबाइलच्या व्हिडिओने मात्र छान होतो, दोन गोष्टी सांभाळल्या तर. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेतली आणि अ‍ॅपने फाइल सेकंदाला ३० चित्रांची समजून वाचली, तर वेळ आठपट ताणला जातो आणि जी येतं ०.१५. इतकं विचित्र उत्तर आलं की मुलं घाबरतात; मी म्हणतो, चौसष्टने गुण. दुसरी गोष्ट मोजपट्टी. ती मागच्या भिंतीवर चिकटवायची नाही, चेंडू पडतो त्याच प्रतलात उभी करायची. कॅमेरा भिंतीपासून दोन मीटरवर आणि चेंडू भिंतीच्या दहा सेंटिमीटर पुढे, एवढ्यानेच जी १०.३ होतं.

विद्युतचुंबकाने गोळी सोडणारं उपकरण असेल तर चुंबक प्रवाह बंद केल्यावरही क्षणभर गोळी धरून ठेवतो. तो उशीर ०.०१ सेकंदाचा धरला तर एक मीटरवरून ९.३८ आणि पाव मीटरवरून ८.९९ येतं. ओळखीचं वाटतंय ना? लांबीच्या तुटीचीच बहीण आहे ही. उपायही तोच, उंचीचं वर्गमूळ आणि वेळ यांचा आलेख काढा, उशीर वेळेच्या अक्षावरच्या छेदबिंदूत जाऊन बसेल.

९.७८ की ९.८१?

सगळं नीट झालं आणि उत्तर ९.७८ आलं तर ते ‘चुकलं’ म्हणून लाल रेघ मारू नका. समुद्रसपाटीला विषुववृत्तावर जी ९.७८० असतं, ध्रुवांवर ९.८३२. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशेर पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं, ते याचमुळे. आपल्या वर्गातल्या प्रयोगाची अनिश्चितता अर्धा टक्का, म्हणजे ०.०५, आणि विषुववृत्त ते ध्रुव हा सगळा फरकही साधारण तेवढाच. तेव्हा ९.७८ आणि ९.८१ मधून निवड करायची आपल्या दोऱ्याची ताकद नाही. उत्तर ९.७८ अधिक-उणे ०.०५ असं लिहिलं की झालं.

आणि शेवटी स्टँड

हे सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दोरा स्टँडच्या दांड्याला नुसता गुंडाळून बांधला तर तो नक्की कुठून झुलतो हेच ठरत नाही. बूच मधोमध चिरून त्यात दोरा धरा आणि बूच क्लॅम्पमध्ये आवळा. मग झुलण्याचा बिंदू म्हणजे बुचाची खालची कड. पण क्लॅम्प घट्ट असूनही अख्खा स्टँडच गोळ्याबरोबर किंचित डोलत असेल तर? आधार लवचीक असला की लंबक असतो त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो, दोलनकाल वाढतो, जी कमी येतं. गोळा जड तर परिणाम जास्त. म्हणून पहिली तपासणी: दुप्पट वजनाचा गोळा लावा. लांबी तीच ठेवून उत्तर खाली गेलं तर आधार हलतोय.

दुसरी तपासणी बघायला मजा येते. त्याच दांड्यावर, हातभर अंतरावर, तेवढ्याच लांबीचा दुसरा लंबक टांगा आणि त्याला हात लावू नका. पहिला सोडा. स्टँड पक्का असेल तर दुसरा गप्प राहील. आमच्याकडे दीड मिनिटात तो आपला आपण झुलायला लागला आणि पहिल्याचा झोका बसत गेला. मुलं दोन्हीकडे आळीपाळीने बघत होती. मी खाली वाकलो तर टेबलाचा मागचा डावा पाय जमिनीपासून सुटलेला, त्याखालचा घडी केलेला पुठ्ठा बाजूला सरकलेला. पुठ्ठा पुन्हा सारला, स्टँडच्या पायावर दोन विटा ठेवल्या, आणि दुसरा लंबक थांबवून पहिला परत सोडला.